खुन्याचं नाव तोंडपाठ, बाकीच्यांचं काय?

संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र आलं होतं, की हल्लीची पोरंपोरी सिरीयल किलरची पुस्तकं आणि पॉडकास्टच्या नादी लागलीयेत, ही सरळसरळ विकृती आहे, पालकांनी वेळीच आवर घातला नाही तर घरोघरी जक्कलसारखे खुनी तयार होतील. वाचून हसूही आलं आणि रागही आला. मी साताऱ्यात छोटंसं वाचनालय चालवते, म्हणजे कोण काय वाचतं हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त माहीत असतं, म्हणून म्हटलं आता लिहावंच.

एक तर हे 'हल्लीचं' वगैरे काही नाहीये. आमच्या लहानपणी एसटी स्टँडवरच्या स्टॉलला क्राइम साप्ताहिकं क्लिपा लावून टांगलेली असायची, मुखपृष्ठावर लाल रंगाचा नुसता सडा, आणि गाडी लागेपर्यंत ती उभ्याउभ्या फुकट वाचणारे सगळे चांगले संसारी, नोकरदार लोक असायचे. त्याच्याही मागे जा. निजामाच्या नोकरीतल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी १८३९ मध्ये छापली, ती लंडनमध्ये हातोहात खपली. १८८८ ला त्याच लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून झाले तेव्हा तिथल्या पेपरवाल्यांनी किती धंदा केला हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही त्याच लाइनमधले आहात. तेव्हा पॉडकास्ट कुठे होते?

दुसरं, ही पुस्तकं नेतं कोण? पत्रलेखकांना वाटतंय काळे टी-शर्ट घातलेली, केस वाढवलेली पोरं नेत असतील. माझ्या रजिस्टरमध्ये बघा, बहुतेक सगळ्या बायका. बँकेतून रिटायर झालेल्या, शाळेत शिकवणाऱ्या, दुपारी दोन ते चार जरा निवांत असणाऱ्या. एक आजी आहेत, त्या तर काउंटरला येऊन हळू आवाजात ऑर्डरच देतात, "चिरफाडीचं नको गं, विषप्रयोगाचं असेल तर दे." या आजी उद्या कुणाला विष घालतील असं पत्रलेखकांना वाटत असेल तर मी त्यांचा पत्ता देत नाही, पण त्यांच्या हातच्या चकल्या मी दर दिवाळीला खाते आणि अजून जिवंत आहे.

आणि बायका ही पुस्तकं कशी वाचतात तेही बघा. परत आलेल्या पुस्तकात पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात, नियमाप्रमाणे दंड करायला पाहिजे पण मी करत नाही, मला त्या वाचायला आवडतात. एका पुस्तकात, जिथे ती मुलगी अनोळखी माणसाला दार उघडते, तिथे समासात कुणीतरी लिहिलंय, 'साखळी लावून का नाही उघडलं??' त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, 'हातात प्लास्टर होतं ना त्याच्या, दया आली'. त्याच्याखाली तिसऱ्याच अक्षरात, 'म्हणूनच'. एकमेकींना न ओळखणाऱ्या तिघी जणी समासात बसून बोलतायत की आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं. ही विकृती? मला तर हा अभ्यास वाटतो.

आणि हे माझं एकटीचं काउंटरवरचं तत्त्वज्ञान नाही. अमेरिकेत अमांडा व्हिकारी आणि ख्रिस फ्रेली या दोघांनी २०१० मध्ये याच विषयावर पेपर काढला होता. त्यांना दिसलं की खऱ्या खुनांची पुस्तकं पुरुषांपेक्षा बायका जास्त निवडतात, आणि त्यातही कुठली, तर ज्यात बळी बाई आहे, खुनी असा का वागला ते सांगितलंय, आणि कुणी एखादी युक्ती करून सुटलीय अशी. म्हणजे भीती ज्याची वाटते त्याचीच माहिती काढून ठेवायची. कोल्टन स्क्रिव्हनर नावाचा एक संशोधक आहे, तो आणि त्याचे सहकारी कोविडच्या काळात लोकांना प्रश्न विचारत होते, तर हॉरर पिक्चर आवडीने बघणाऱ्यांनी त्या दिवसांत मानसिक त्रास उलट कमी झाल्याचं सांगितलं. यावरून लगेच खुनाची पुस्तकं हे टॉनिक आहे असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही, पण वाचलं की बिघडलं एवढा सोपा हिशोब नाहीये हे नक्की.

राहिला 'वाचून खुनी होतात' हा मुद्दा. वाचण्या-बघण्यावर खापर फोडणं ही खुन्यांचीच जुनी युक्ती आहे हो. अमेरिकेत कित्येक बायकांना मारणाऱ्या टेड बंडीने जानेवारी १९८९ मध्ये, इलेक्ट्रिक चेअरच्या आदल्या दिवशी, एका धार्मिक मानसशास्त्रज्ञाला मुलाखत देऊन सगळं अश्लील साहित्यावर ढकललं. आयुष्यभर खोटं बोललेला माणूस, शेवटच्या दिवशी तेवढं खरं बोलला म्हणे! आणि जक्कलचं म्हणाल तर ते टोळकं पुण्यातल्या कॉलेजात दारू आणि चोऱ्यामाऱ्यांसाठी आधीपासूनच बदनाम होतं. त्याला पुस्तकं कशाला लागतात.

पण पत्रलेखकांनी जक्कलचंच नाव घेतलं ते एका अर्थी बरं झालं, कारण माझा खरा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

जोशी-अभ्यंकर खून म्हटलं की आपल्याला काय आठवतं? जक्कल. मग सुतार, जगताप, मुनव्वर शाह, माफीचा साक्षीदार झालेला चांडक. नायलॉनची दोरी. कुत्र्यांना माग लागू नये म्हणून घरात शिंपडलेलं अत्तर. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ मध्ये दहा माणसं मारली, २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी. माझ्याकडे येणारी कॉलेजची मुलं हे सगळं घडाघडा सांगतात, जन्म २००५ चा पण तारखा पाठ. आता त्यांना विचारा, भांडारकर रोडवरच्या 'स्मृती' बंगल्यात १ डिसेंबर १९७६ ला ज्यांना मारलं ते अभ्यंकर कोण होते? "एक म्हातारे होते." बस. अहो, ते काशिनाथशास्त्री अभ्यंकर! संस्कृत व्याकरणातल्या संज्ञांचा कोश त्यांनी केला, १९६१ ला बडोद्याहून निघाला, आजही व्याकरण शिकणारा माणूस तो उघडतो. वडील वासुदेवशास्त्री अभ्यंकर, तेही नावाजलेले पंडित, वडिलांनी पतंजलीच्या महाभाष्याचं मराठी भाषांतर केलेलं आणि मुलाने त्यासाठी खपायचं असं ते घर. त्या रात्री त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी गेली, दोन नातवंडं गेली, घरकाम करणाऱ्या बाई गेल्या. त्या बाई जोशी पण नव्हत्या आणि अभ्यंकर पण नव्हत्या, म्हणून केसच्या नावातसुद्धा त्यांना जागा मिळाली नाही. हॉटेल चालवणाऱ्याचा मुलगा, ज्याला सगळ्यात आधी मारलं, तोही नावात नाही.

पुण्यातले जुने लोक सांगतात की त्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, दारावर थाप पडली की आतून तीन-तीनदा विचारायचे कोण म्हणून. ही भीती ज्यांनी काढली त्यांनी ती पुढच्या पिढीला सांगितली, पण सांगताना गोष्टीचा हिरो कोण झाला? जक्कलच झाला.

रामन राघवचं तेच. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरात झोपडीत, फुटपाथवर झोपलेल्या माणसांची डोकी फोडत फिरणारा. ऑगस्टमध्ये पकडला, रमाकांत कुलकर्णी तेव्हा क्राइम ब्रँचला होते. कुणालाही विचारा, चिकनची गोष्ट माहीत असते, की तो तोंडच उघडेना, मग पोलिसांनी कोंबडी खाऊ घातली, मग त्याने डोक्याला तेल मागितलं, कंगवा मागितला, आरसा मागितला आणि मग बोलायला लागला. फार चवीने सांगतात लोक हे. फुटपाथवर कोण झोपलं होतं, कुठल्या गावाहून पोटासाठी आलं होतं, एक नाव सांगा. मला नाही सांगता येणार आणि तुम्हालाही नाही. पुढे डॉक्टरांच्या बोर्डाने त्याला गंभीर स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं, १९८७ मध्ये हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली, १९९५ ला ससूनमध्ये वारला. हा भाग मात्र कुणी सांगत नाही कारण तो कंटाळवाणा आहे, त्यात राक्षस नाही, आजारी माणूस आहे.

म्हणजे माझं म्हणणं असं, की वाचायची आवड वाईट नाही, पण आपण वाचताना कुणाच्या खांद्यावरून बघतोय हे वाईट असू शकतं. बंडीच्या १९७९ च्या खटल्यात तर जज्जसाहेबांनी मृत्युदंड सुनावताना त्याला हुशार तरुण म्हटलं, चांगला वकील झाला असतास म्हणाले. जज्जच भारावले तर इन्स्टावर रील बघणाऱ्या पोरीला काय बोलायचं! एक पॉडकास्ट मला एका मुलीने ऐकवला, दोघी जणी एका बाईचा खून सांगतायत आणि मध्येमध्ये खिदळतायत, मध्येच फेसवॉशची जाहिरात. ते मी बंद करायला लावलं. मारलेली माणसं खोटी नाहीत हो, त्यांची माणसं आहेत अजून. अमेरिकेत पोरांना घरी नेऊन मारणाऱ्या जेफ्री डामरवर २०२२ मध्ये वेब सिरीज आली तेव्हा मेलेल्या पोरांच्या घरच्यांनी जाहीरपणे सांगितलं की आम्हाला कुणी विचारलं नाही, आमची जखम परत उघडली. डामरच्याच मिलवॉकी शहरात १९९६ मध्ये लोकांनी चार लाख डॉलरच्या वर पैसे उभे करून डामरचं सामान मिळवलं आणि नष्ट केलं, का, तर ते लिलावात जाऊन कुणाच्या दिवाणखान्यात शोभेला बसू नये. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

आता याच डामरची केस नीट वाचली तर काय हाती लागतं ते सांगते, कारण माझ्या मते अशा पुस्तकातला सगळ्यात वाचण्यासारखा भाग हाच असतो आणि नेमका तोच लोक भराभर उलटतात. मे १९९१. चौदा वर्षांचा पोरगा, अंगावर कपडे नाहीत, रक्त येतंय, डामरच्या घरातून रस्त्यावर येतो. दोन काळ्या मुली त्याला बघतात, पोलिसांना बोलावतात, पोलीस येतात. डामर गोरा, व्यवस्थित बोलणारा, तो सांगतो हा मोठा आहे, माझा दोस्त आहे, प्यायलाय. पोलीस पोराला परत त्याच्याच घरात नेऊन सोडतात. त्यातल्या एका मुलीची आई नंतर फोन करून विचारते, अहो तो लहान होता, तुमची खात्री आहे का, तिला सांगतात हो आहे, मोठाच आहे तो. पोरगा गेला, आणि जुलैत डामर सापडेपर्यंत आणखी चौघं गेले. आता यात डामरचं डोकं किती भन्नाट होतं वगैरे काय आहे? काहीच नाही. तो सुटत राहिला कारण सांगणाऱ्या मुली काळ्या होत्या आणि त्यांचं कुणी ऐकलं नाही.

हॅरोल्ड शिपमन घ्या, इंग्लंडमधल्या हाइड गावचा फॅमिली डॉक्टर. म्हाताऱ्या पेशंटना डायमॉर्फिन या जालीम वेदनाशामकाचं इंजेक्शन देऊन मारायचा. २००० मध्ये पंधरा खुनांची शिक्षा झाली, पुढच्या चौकशीत २१५ बळी मोजले गेले. संशय कुणाला आला? अंत्यविधीचं काम करणाऱ्या एका बाईला. तिच्या लक्षात आलं की या डॉक्टरच्या पेशंट बायका मरतात फार, आणि मरतात तेव्हा नीट कपडे घालून खुर्चीत बसलेल्या असतात, आजारी माणूस असा मरतो का? तिने दुसऱ्या एका डॉक्टरबाईंना सांगितलं, त्यांनी मार्च १९९८ ला वर कळवलं, पोलिसांनी जुजबी चौकशी करून फाइल बंद केली, त्यानंतर त्याने आणखी तिघींना मारलं. डेथ सर्टिफिकेट कोण देतं, त्यावर दुसऱ्या कुणाची नजर असते का, हे प्रश्न त्या देशात त्या एका केसमुळे ऐरणीवर आले. आमच्या एका वाचक नर्स आहेत, त्या हे पुस्तक संपवून आल्या आणि काउंटरवर अर्धा तास याच्यावरच बोलत होत्या, मागे लाइन लागली तरी.

आणि लांब कशाला जायचं, आमच्या वाईजवळचं धोम. ऑगस्ट २०१६, पावसाचे दिवस, पोलीस खणतायत आणि एकेक सांगाडा निघतोय. अंगणवाडीवाल्या बायकांच्या संघटनेचं काम करणारी एक बाई जूनमध्ये बेपत्ता झाली, तिच्या घरच्यांनी आणि बाकीच्या बायकांनी विषय लावून धरला म्हणून एवढं तरी बाहेर आलं. पेपरांनी लगेच आरोपीला 'डॉक्टर डेथ' नाव देऊन टाकलं. आरोपी दोषी की निर्दोष ते कोर्ट बघेल, मी तिथे नाक खुपसत नाही. मला त्यातलं जे विसरता येत नाही ते वेगळंच आहे, की पहिली बेपत्ता व्यक्ती २००३ ची होती. २००३ ते २०१६! तेरा वर्षं माणसं गायब होत होती आणि तक्रारींची भेंडोळी कुठेतरी कपाटात पडून होती. बाई गेली म्हणजे 'गेली असेल कुणाबरोबर', हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं. त्यावर कुणी पॉडकास्ट काढत नाही.

दिल्लीजवळच्या निठारीतही गायब झालेल्या मुलांचे आईबाप आधीपासून पोलिसांचे उंबरे झिजवत होते, गरिबांची पोरं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. त्या केसमधून आणखी एक शिकण्यासारखं आहे. २००६ पासून आपण सगळ्यांनी पकडलेल्या त्या दोघांना, घरमालकाला आणि त्याच्या नोकराला, नरभक्षक म्हणून टाकलं, चॅनेलवाल्यांनी तर नाट्यरूपांतरं केली, आणि २०२३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्यांच्यासमोरच्या खटल्यांत पुराव्याअभावी दोघांना निर्दोष ठरवलं, तपासावरच ताशेरे ओढले. मुंबईतला 'बिअर मॅन' म्हणून गाजलेला खुनी आठवतो? ज्याला पकडलं होतं तो २००९ ला हायकोर्टातून निर्दोष सुटला. मग पोरं मारली कुणी, चर्चगेट-मरीन लाइन्सकडची माणसं मारली कुणी? म्हणजे आपण मन लावून वाचलेली ती सगळी 'त्याच्या मनात काय चाललं होतं' टाइपची वर्णनं कुणाच्या मनाची होती देव जाणे. खुन्याचं मन कळल्याचा दावा करणारं पुस्तक मी तरी तेव्हापासून जरा जपूनच वाचते.

आता पत्रलेखकांच्या बाजूनेही थोडं बोलते, नाहीतर म्हणाल धंद्यापायी बोलतेय. कधी कधी हे वाचणं बाधतं, मी बघितलंय. एक ताई सलग हेच वाचत आणि ऐकत होत्या, मग रात्री चार वेळा उठून कडी बघायच्या, मुलीचा संध्याकाळचा क्लास बंद केला, रिक्षावाल्याने आरशात बघितलं तरी धडधड. जॉर्ज गर्बनर नावाच्या अभ्यासकाने टीव्हीबद्दल फार पूर्वी सांगून ठेवलंय, की मारामाऱ्या सतत बघणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा जास्त वाईट वाटायला लागतं. झोप उडत असेल, कामात लक्ष लागत नसेल तर ते थांबवावं आणि डॉक्टरांशी बोलावं, त्यात लाज कसली. चौदा-पंधराच्या पोरांना मीही असली पुस्तकं देत नाही, आईला घेऊन ये म्हणते. आणि एखादा मुलगा जर खुन्याचे फोटो डीपीला लावून त्याच्यासारखं बोलायला लागला तर घरच्यांनी बघायलाच पाहिजे, पण पुस्तक जप्त करून नाही, त्याच्याशी बोलून, कारण दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

त्या ताईंना मी एकच सांगितलं, की ताई, रिक्षावाल्याला घाबरताय ना, पण संयुक्त राष्ट्रांचा आकडा बघा. २०२३ मध्ये जगात साधारण ८५,००० बायका-मुली ठरवून मारल्या गेल्या, त्यातल्या ६० टक्के नवऱ्याने, जोडीदाराने नाहीतर घरच्यांनी मारलेल्या. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या आपल्या एनसीआरबीच्या रिपोर्टमध्येही खुनाची कारणं वर्षानुवर्षं तीच, भांडणतंटा आणि जुनं वैर. अंधारातून येणारा कुणी अनोळखी माणूस यात फार खाली येतो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, प्रवासवर्णन घेऊन गेल्या.

शेवटी तुमच्या पेपरबद्दल. पुरवणीत विकृती म्हणून पत्र छापता आणि वेबसाइटवर रोज 'या क्रूरकर्म्याची कहाणी वाचून थरकाप उडेल' अशी बातमी, वर खुन्याचे दहा फोटो, प्रत्येक फोटोला वेगळं क्लिक. त्याउलट 'बेपत्ता'ची निवेदनं कुठे असतात, तर आतल्या पानावर टेंडर नोटिशींच्या शेजारी, स्टॅम्पएवढा काळपट फोटो, उंची, रंग, अंगात कुठली साडी होती, आणि पोलीस स्टेशनचा नंबर, तोही कधीकधी छपाईत पुसटलेला. ती व्यक्ती पुढे सापडली का हे परत कधीच छापून येत नाही. मी ती निवेदनं कापून वाचनालयाच्या बोर्डावर लावते, त्यातून एकदा तरी काही झालंय असा माझा दावा नाही, पण लोक थांबून वाचतात, खुनाचं पुस्तक बदलायला आलेल्या बायका तर हमखास वाचतात. तेव्हा विनंती अशी, की हे फोटो जरा मोठे आणि स्पष्ट छापा, आणि महिन्यातून एकदा आपल्या जिल्ह्यातल्या बेपत्ता माणसांपैकी किती सापडली आणि किती अजून नाही, याची पोलिसांकडून यादी घेऊन ती पहिल्या पानावर द्या. जागा लागत असेल तर माझं हे पत्र निम्मं कापलंत तरी चालेल.

कळावे,
एक वाचनालयवाली, सातारा